सीलबंद संगणक

वजनमापे खात्यातले तपासनीस कशावरही चटकन विश्वास ठेवत नसत, आणि हा आपला स्वभाव नसून हुद्दा आहे असं ते सांगत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले होते. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, दांडीला बांधलेला केस, आतून पोखरलेलं वजन, सगळं पाहून झालं होतं. जो दुकानदार हसून खुर्ची पुढे करतो त्याचाच काटा खोटा निघतो, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. त्यामुळे बायकोने हसून चहा पुढे केला तरी ते आधी विचारत, "काय हवंय?"

त्या दिवशी तिला टीव्ही हवा होता.

टीव्ही घरात नव्हता असं नाही. मागे पोट सुटलेला, लाकडी अंगाचा जुना खोका बैठकीच्या खोलीत जागा अडवून बसलेला होताच. पण अँटेनावरून येणारं प्रक्षेपण बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि बटण दाबलं की त्यावर फक्त मुंग्या दिसत. बायकोचं म्हणणं होतं की सगळ्या जगाने भिंतीला लटकवायचे चपटे टीव्ही घेतले, आपणही घ्यावा. तपासनिसांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. ते त्यांनी अशाच प्रसंगासाठी चार महिने जपून ठेवलं होतं. नवे टीव्ही म्हणे माणसांचं बोलणं ऐकतात, आणि काहींना डोळाही असतो. आपण टीव्ही बघायचा की टीव्हीने आपल्याला बघायचं, असा त्यांचा सवाल होता. बायकोचं उत्तर असं होतं की आपल्याकडे बघण्यासारखं आहे तरी काय. हे उत्तर तपासनिसांना लागलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही.

यातून वाट काढली मेहुण्याने. बायकोचा हा धाकटा भाऊ एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. एकटाच राहायचा आणि रोज संध्याकाळी बहिणीकडे यायचा. आला की जिन्यापासूनच त्याची शीळ ऐकू येई, आणि बायकोचा चेहरा उजळे. दोघांच्याच त्या घरात तिसरा आवाज असायचा तो त्याचाच. प्रयोगशाळेने मोडीत काढलेला एक संगणक आहे, तो मी नीट करून या जुन्या खोक्याला जोडून देतो, असं तो म्हणाला. सिनेमे, गाणी, घरचे फोटो, सगळं दिसेल. त्याला कान नाहीत, डोळा नाही.

"चालवतो कोण त्याला?" तपासनिसांनी विचारलं.

"लिनक्स."

"कंपनी कुठली?"

"कंपनी नाही, भावोजी. जगभरातले लोक मिळून बनवतात. फुकट असतं."

फुकट हा शब्द कानावर पडताच तपासनिसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. याचा मालक कोण, असं त्यांनी विचारलं. कोणी नाही, म्हणजे सगळेच, असं कळलं. बिघडलं तर तक्रार कुठे करायची, असं विचारलं. तक्रार नाही, सगळे मिळून दुरुस्त करतात, असं कळलं. ज्या मालाला मालक नाही, किंमत नाही आणि तक्रारीची खिडकी नाही, तो माल त्यांच्या खात्याने जागच्या जागी जप्त केला असता. पण बायको भावाकडे कौतुकाने बघत होती, म्हणून ते गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, हे त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं.

संगणक आला. सुरू केला की पडद्यावर एक पेंग्विन येत असे. तपासनिसांनी त्याच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि हा हसतो कशाला, असं विचारलं. समोरच्या घरातले सल्लागार तेवढ्यात डोकावले. सल्लागार हे त्यांचं टोपणनाव होतं. ते निवृत्त होते आणि इमारतीत कुठेही पेटी उघडल्याचा आवाज आला की सल्ला घेऊन हजर होत. लिनक्स म्हणजे हेरखात्यातले लोक वापरतात ते, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. मग वायर जाड घ्या असं सांगितलं, जाताना वायर बारीकच बरी असंही सांगितलं, आणि तपासनिसांची शिडी महिन्याभरापूर्वी नेलेली आहे याचा अवाक्षरानेही उल्लेख केला नाही.

अडचण वेगळीच होती. संगणकाच्या मागे पिवळ्या पिनचं भोक होतं आणि टीव्हीच्या मागे फक्त अँटेनाची जाड वायर घुसेल असं एकच भोक. दोघांची सोयरीक जुळेना. तेव्हा तपासनीस स्वतः टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेले. मेहुण्याला बरोबर नेलं नाही, कारण माल विकणारा आणि माल सुचवणारा एकत्र भेटू द्यायचे नाहीत हा त्यांचा नियम होता. मिस्त्रीने साबणाच्या वडीएवढी एक डबी दिली. संगणकाचं चित्र ही डबी तीन नंबरच्या चॅनलवर पाठवते, टीव्हीला वाटतं अँटेनावरूनच आलं, असं त्याने समजावलं.

"फक्त भिंतीतून येणारी अँटेनाची वायर तेवढी काढून ठेवा," मिस्त्री म्हणाला. "नाहीतर..."

"का काढायची?" तपासनिसांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. जो माणूस न विचारता कारण सांगायला लागतो त्याचं कारण ऐकायचं नसतं. इमारत बांधली तेव्हा गच्चीवर सगळ्यांची मिळून एक अँटेना बसवली होती आणि तिची तांब्याची वायर घरोघर उतरवली होती. ती काढून टाकायचा ठराव समितीपुढे तीन वर्षं पडून होता, कारण ठरावाला सूचक मिळाला की अनुमोदक आजारी पडे. एवढं तांबं भिंतीतून सुटं झालं की ते कोण घेऊन जाणार, हे काय सांगायला हवं. तपासनिसांनी दोन वायरी एकत्र जोडायचा सांधा मागून घेतला. मिस्त्रीने खांदे उडवले आणि सांधा दिला. घरी येऊन तपासनिसांनी भिंतीची वायर, डबीची वायर आणि टीव्ही असं तिन्ही एकमेकांना घट्ट जोडलं, टीव्ही पुन्हा भिंतीला सरकवला, आणि हे कोणालाही सांगितलं नाही.

संध्याकाळी पेंग्विन टीव्हीवर आला, पण बिनडोक्याचा.

जुन्या टीव्हीची काच कडेचं खाते, असं मेहुण्याने सांगितलं. चारी बाजूंनी थोडं थोडं जातंच. तपासनिसांना हे पटेना. जे दिसत नाही तिथे काहीतरी ठेवलेलं असणार. त्यांनी पोलादी पट्टी आणून मोजमाप केलं. वर दोन ओळी, खाली एक, उजवीकडे चार अक्षरं आणि डावीकडे तीन, असा हिशेब निघाला. तो कागदावर मांडून त्यांनी टीव्हीशेजारी भिंतीवर चिकटवला. शिवाय अक्षरं इतकी बारीक होती की मुंग्याच परत आल्यासारखं वाटत होतं. शेवटी मेहुण्याने अक्षरं वाढवत नेली, आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकाहून चष्म्याशिवाय वाचता येऊ लागली तेव्हाच तपासनिसांचं समाधान झालं. बायकोने त्या दिवशी जुना सिनेमा पाहिला आणि भावाला दोनदा चहा दिला.

आता तपासनिसांना एक वेगळीच कल्पना सुचली. गेली कित्येक वर्षं ते एक वही ठेवत. आजूबाजूला जे जे खटकलं ते तारीखवार टिपून ठेवायचं, पुढेमागे उपयोगी पडतं. पण मागच्या वर्षी बायकोने ती वही वाचली होती आणि वाचताना ती हसली होती. तेव्हापासून वही बंद होती. संगणकाला मात्र पासवर्ड असतो. त्यांनी एकोणीस अक्षरांचा पासवर्ड घेतला, आणि तो टाइप करताना ते हातांवर टॉवेल पांघरत.

तरी एक गोष्ट राहिलीच. संगणकाची मुख्य किल्ली म्हणून आणखी एक पासवर्ड असतो आणि तो मेहुण्याकडे होता. शिवाय पेटीचे स्क्रू कोणीही उघडू शकतं. यावर तपासनिसांकडे खात्याचा रामबाण उपाय होता. तपासलेल्या काट्याला ते तार ओवून शिशाचं सील ठोकत, म्हणजे कोणी उघडलं तर लगेच कळावं. तसंच सील संगणकाला ठोकायचं त्यांनी ठरवलं. पण सरळ माणूस, कचेरीतलं सील नोंदीशिवाय कसं वापरणार. त्यांनी कारकुनाकडे अर्ज केला. कारकुनाने रजिस्टर उघडून विचारलं, वस्तू कुठल्या रकान्यात घालू, वजन, माप की काटा? तपासनीस म्हणाले, संगणक. तसा रकाना नव्हता. रकाना वाढवायचा तर वरच्या कचेरीची परवानगी लागणार होती, आणि वरची कचेरी आधी वस्तू तपासायला मागवणार होती. दोन दिवस खल झाला. अखेर 'तराजू, घरगुती, बिनपारड्यांचा' अशी नोंद करून कारकुनाने एक सील दिलं. तपासनिसांनी ते पक्कडीने दाबून ठोकलं आणि निर्धास्त होऊन वही लिहायला बसले.

वेळ संध्याकाळी सहाची. बायको त्या वेळी फिरायला जाई, मेहुणा सात वाजता येई. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'दातांचे डॉक्टर. दवाखान्यातलं घड्याळ सात मिनिटं मागे. मुद्दाम असावं.' मग: 'समोरचे सल्लागार. शिडी नेली ती नेलीच.' मग: 'पहारेकरी. दुपारी तीन ते चार डोळे मिटून पहारा.' शेवटी थोडं थांबून: 'मेहुणा. रोज येतो. काही मागत नाही. का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर शिडी उंबऱ्याशी उभी होती, पुसून लखलखीत केलेली.

तपासनीस जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर भेटले आणि न विचारता म्हणाले की घड्याळ लावून घेतलं बरं का. दुपारी मुद्दाम रजा टाकून तीन वाजता खिडकीतून पाहिलं, तर पहारेकरी डोळे वटारून फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता. एक गोष्ट योगायोग असते, दोन गोष्टीही असू शकतात. तीन म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. तपासनिसांनी घाईघाईने सील पाहिलं. शाबूत होतं.

पुढच्या आठवड्यात इमारतीचं रूपच पालटलं. तपासनिसांनी सहा वाजता जे लिहावं ते सकाळपर्यंत दुरुस्त झालेलं असे. जिन्यातल्या चपला रांगेत लागल्या. तिसऱ्या मजल्यावरची गळकी कुंडी हलली. इतर कोणी असता तर खूश झाला असता. तपासनिसांची झोप उडाली. त्यातच आणखी एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या नजरेला आली आणि त्यांनी ती टिपून ठेवली: 'लोक माळ्यावरचे जुने टीव्ही खाली काढत आहेत. मिस्त्री चार घरांत येऊन गेला. कारण समजत नाही.' दुसऱ्या दिवसापासून लोक टीव्ही चादरीत गुंडाळून नेऊ लागले.

खात्यात अशा वेळी सापळा लावतात. खोटं गिऱ्हाईक पाठवायचं आणि दुकानदार काय करतो ते बघायचं. तपासनिसांनी लिहिलं: 'उद्या सायंकाळी पाच वाजता कोणालाही न सांगता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची तपासणी करणार.' हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाचला गच्चीवर पाऊल टाकलं तर टाकी आतून-बाहेरून घासलेली, झाकणाला नवं कुलूप, आणि पाच-सहा शेजारी हवा खायला म्हणून तिथे उभे. सगळे त्यांच्याकडे बघून फार मनापासून हसले. वही कोणीतरी वाचतंय. पासवर्ड एकट्या त्यांनाच ठाऊक, सील शाबूत, मग उरली ती मुख्य किल्ली. आणि ती एकाच माणसाकडे होती.

सात वाजता जिन्यात शीळ वाजली. मेहुणा आत आला, बूट काढले, बहिणीला हाक मारली. तपासनिसांनी त्याला बसूही दिलं नाही. खोटं वजन सापडल्यावर दुकानदाराशी ज्या आवाजात बोलतात त्याच आवाजात त्यांनी सगळा पुरावा मांडला, शिडीपासून टाकीपर्यंत. चोरून वाचायचं आणि घरोघर सांगत सुटायचं, यासाठीच हा फुकटचा माल घरात आणलास का, असंही विचारलं.

मेहुणा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं नंतर तपासनिसांना वाटलं. त्याने खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि ते टेबलावर ठेवलं.

"ही मुख्य किल्ली," तो म्हणाला. "आता बदलून घ्या, भावोजी. माझ्याकडे दुसरी नाही."

तो बूट घालून निघून गेला. जिन्यातून शीळ ऐकू आली नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात तीन कप घेऊन उभी होती. तिने एक कप बेसिनमध्ये ओतला.

"तो का येतो हे विचारायचं होतं, तर मला विचारायचं," ती म्हणाली. "त्याला जायला दुसरं घर नाही, म्हणून येतो."

त्यानंतर ती तपासनिसांशी कामापुरतंच बोलू लागली. जेवण वाढलंय, दूधवाला आलाय, इतकंच. संध्याकाळी ती फिरायला जाईना, खाली तळमजल्यावरच्या मावशींकडे जाऊन बसे. या मावशी इमारतीतल्या सगळ्यांच्याच मावशी होत्या, एकट्या राहत. मेहुणा आला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सात वाजले की तपासनीस नकळत जिन्याकडे कान देत, आणि मग आपण कान दिला म्हणून स्वतःवरच चिडत.

चौथ्या दिवशी मात्र त्यांना धक्का बसला. मुख्य किल्ली त्यांनी बदलली होती. सील शाबूत होतं. मेहुणा इमारतीत फिरकला नव्हता. तरीही आदल्या दिवशी 'जिन्याचा कठडा हलतो' असं लिहिलं होतं आणि आज कठडा जाम बसलेला होता. सहा वाजता ते संगणकापुढे बसले. घरात कोणी नव्हतं. खिडकी उघडी होती. त्यांनी नेहमीप्रमाणे पुरावा क्रमाने मांडला. पुरावा मांडत गेलं की निष्कर्ष आपोआप खाली उतरतो, तसा तो उतरला, आणि त्यांच्या बोटांनी लिहिलं: 'म्हणजे मेहुणा निर्दोष आहे.'

खालून, खिडकीतून, आठ-दहा गळ्यांचा एकदम सुटलेला निःश्वास ऐकू आला.

तपासनिसांची बोटं जागीच थांबली. त्यांनी ते वाक्य पुसलं. खालून सगळे मिळून हळहळले. त्यांनी वाक्य पुन्हा लिहिलं. खाली कोणीतरी टाळी वाजवली आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. खात्याचा नियम असा की एकच वजन तीनदा ठेवून पाहायचं. त्यांनी तिसऱ्या खेपेला वाक्य पुन्हा पुसलं, आणि या वेळी तर मावशींचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "हा माणूस काही सुधारायचा नाही," असं त्या म्हणत होत्या.

तपासनिसांनी वाक्य पुन्हा लिहिलं, तसंच राहू दिलं आणि उठून जिना उतरले.

मावशींचं दार सताड उघडं होतं. खोलीत सल्लागार होते, दातांचे डॉक्टर होते, दोन पेशंट होते, त्यातला एक गालाला हात लावून होता. पहारेकरी दाराशी उभा होता. बायको पलंगावर होती. तिच्या पायाशी, अगदी पुढे, मेहुणा जमिनीवर बसला होता. आणि समोर कपाटावर मावशींचा जुना खोका, तीन नंबरचं चॅनल, त्यावर तपासनिसांची वही, आणि शेवटच्या वाक्यापुढे लुकलुकणारी रेघ.

सगळ्यांनी माना वळवल्या. तपासनिसांना डबी आठवली, सांधा आठवला, भिंतीत शिरणारी तांब्याची वायर आठवली आणि मिस्त्रीचं अर्धवट राहिलेलं 'नाहीतर' आठवलं. एकोणीस अक्षरांचा पासवर्ड त्यांनी टॉवेलाखाली टाइप केला होता, आणि त्यापुढचं सगळं ठळक अक्षरांत घरोघर वाटलं होतं. लाजेने त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तशातही त्यांच्या सवयीच्या डोळ्यांनी एक गोष्ट टिपलीच. मावशींचा टीव्ही त्यांच्या टीव्हीपेक्षा सरस होता. त्याची काच कडेचं काहीच खात नव्हती, वरच्या तारखेपासून खालच्या ओळीपर्यंत सबंध पान दिसत होतं.

"मला आधी सांगता आलं असतं कोणाला तरी," ते कसेबसे म्हणाले.

"मी सांगू दिलं नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही. "तुमच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तेव्हा तुम्ही तो बंद केलात. मी रोज संध्याकाळी मुंग्याच लावून बसायचे. घरात काहीतरी हलतंय असं वाटायचं. मग एक दिवस त्यातून अक्षरं आली. पुढे माझ्याबद्दलही लिहिलंत, मावशी तीन दिवस खाली दिसल्या नाहीत, चौकशी करणे. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच येऊन कडी वाजवलीत."

तपासनिसांना ती नोंद आठवली. ती संशयाखातर केलेली होती की काळजीने, हे त्यांचं त्यांनाही आता सांगता येईना. मेहुणा मान खाली घालून बसला होता. बहिणीने आजच बोलावलं म्हणून तो थेट कामावरून आला होता, हे त्याच्या अंगावरच्या प्रयोगशाळेच्या कोटावरून दिसत होतं. त्याच्याशी काय बोलायचं ते तपासनिसांना पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडलं, तशा खोलीतल्या सगळ्या नजरा तराजूच्या काट्यासारख्या त्यांच्यावर येऊन स्थिरावल्या. ते वळून जिना चढू लागले. बायको मागून जिन्यापर्यंत आली.

"काही बोलायचं होतं का?"

"होतं. जमत नाही."

"मग लिहा," ती म्हणाली. "लिहायला जमतं तुम्हाला."

तपासनीस वर आले आणि खुर्चीवर बसले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी हजारो अहवाल लिहिले होते आणि प्रत्येकात चूक दुसऱ्या कोणाची तरी होती. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं की मेहुण्यावर केलेला आरोप खोटा आहे. वायर आपणच जोडली, मिस्त्रीचं ऐकलं नाही. तीन दिवस सात वाजता आपण जिन्याकडे कान लावून होतो. मग भिंतीवरचा कागद नीट पाहून, कडेपासून पुरेसं अंतर सोडून, त्यांनी शेवटची ओळ लिहिली. ती त्यांच्या स्वतःच्या टीव्हीवरही अख्खी दिसत होती.

खालून ना टाळी, ना निःश्वास. तपासनिसांना वाटलं, वायर निसटली असावी. उठून बघणार एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मेहुणा दारात आला. बूट काढले नाहीत, उंबऱ्यापाशीच थांबला.

"भावोजी, बाकी सगळं वाचलं," तो म्हणाला. "शेवटची ओळ तेवढी कडेला गेली. काचेने खाल्ली. काय होतं तिच्यात?"

मावशींच्या टीव्हीने काही खाल्लेलं नव्हतं. ते तपासनिसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, अंतर पट्टीने मोजलं होतं. समोरचा माणूस धडधडीत खोटं बोलत होता आणि बोलताना किंचित हसत होता. तळमजल्यावर उतरलं असतं तर खरं-खोटं तिथल्या तिथे सिद्ध झालं असतं.

तपासनिसांनी आयुष्यात पहिल्यांदाच ते तपासलं नाही.

"माफ कर, असं होतं," ते म्हणाले. "उद्यापासून पुन्हा येत जा."

मेहुण्याने बूट काढले.